काचेवरची दुधी फिल्म: दोन मांजरं, एक बोका आणि आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात गॅलरीच्या काचेच्या सरकत्या दाराला आणि हॉलच्या खिडकीला बाहेरचं दिसू नये म्हणून दुधी फिल्म, म्हणजे काचेवर लावायचा धूसर प्लास्टिकचा पातळ थर, लावली. आता जुलै उजाडलाय. कडक थंडी, पंचेचाळीसच्या घरातला मे आणि पहिला पाऊस असं सगळं त्या फिल्मने पाहिलं, म्हणून आता सविस्तर लिहिते. घरातली मांजरं अचानक एकमेकांच्या जिवावर उठलीत म्हणून रडकुंडीला आलेल्या कुणाला तरी हे उपयोगी पडावं.

आमचा फ्लॅट नागपूरच्या प्रताप नगरात, पहिल्या मजल्यावर. बंड्या सहा वर्षांचा, चिंगी चार वर्षांची. दोघांची नसबंदी झालेली, लसी वेळेवर, घराबाहेर पाऊल नाही. चिंगी दोन महिन्यांची असताना आली आणि तेव्हापासून बंड्याच्या पोटाशीच झोपायची. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी दोघं गॅलरीच्या दाराशी बसली होती. बाहेर एक पिवळा बोका आला. मोठ्ठे गाल, फाटका कान. तो काचेला नाक लावून बसला. बंड्याची शेपटी फुगली, घशातून कधी न ऐकलेला आवाज निघाला, आणि पुढच्या क्षणी तो वळून चिंगीवर तुटून पडला. मी मध्ये हात घातला. मनगटात दोन दात रुतले. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसत होती, पण मांजराचे दात बारीक आणि लांब असतात, जंतू खोल जातात. साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली हात धरला आणि त्याच रात्री डॉक्टरांना दाखवला, तरी सकाळी मनगट सुजलं होतंच. भांडणात हात घालू नका. उशी, पुठ्ठा, सुपली, हाताला लागेल ते दोघांच्या मध्ये सरकवा.

पशुवैद्यांनी आधी बंड्याला कुठे दुखतंय का ते तपासलं, कारण दुखण्यानेही मांजर चिडतं. मग म्हणाले, "यांचं आपसात भांडण नाहीच. राग बाहेरच्या बोक्यावर आहे, तो हाती लागत नाही म्हणून जवळच्यावर निघतो." हा ताव मिनिटांत उतरत नाही, काही तास, कधी दोन-तीन दिवसही टिकतो. तेवढ्यात पुन्हा समोरासमोर आली तर 'या मांजरापासून धोका आहे' हेच डोक्यात पक्कं बसतं. म्हणून त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. दोघांना वेगळं ठेवा आणि बाहेरचं दिसणं बंद करा.

वेगळं ठेवण्यात अकरा दिवस गेले. चिंगी बेडरूममध्ये, बंड्या हॉलमध्ये, प्रत्येकाचं पाणी, ताटली, शी-शूचा लिटर बॉक्स वेगळा. एकमेकांच्या वासाची सवय राहावी म्हणून रोज दोघांच्या अंथरुणावरचे टॉवेल अदलाबदल करायचे. बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण द्यायचं आणि कुणी फिस्कारलं नाही तर ताटल्या वीतभर पुढे सरकवायच्या. चिंगी पाचव्या दिवशी टॉवेल हुंगून फिस्कारली, तेव्हा मी दोन दिवस मागे गेले. इथे घाई केली की पुन्हा पहिल्यापासून, एवढं नक्की.

आता फिल्म. मी गोंद नसलेली, काचेला नुसती चिकटून राहणारी घेतली. काच साबणाच्या पाण्याने धुवायची, ओली असतानाच फिल्म ठेवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडांकडे पाणी काढायचं. एकटीने केलं तर बुडबुडे राहतात, माझ्या पहिल्या पट्टीत राहिलेच. पूर्ण काच झाकायची गरज नाही. मांजर बसून आणि मागच्या पायांवर उभं राहून जिथवर पाहू शकतं तिथवर, म्हणजे खालचे तीन फूट, पुरतात. वरून उजेड येत राहतो.

पहिल्या आठवड्यात बरं वाटलं, मग एका सकाळी बंड्या पुन्हा फुगलेला दिसला. दुधी फिल्ममागची लांबची वस्तू धूसर होते, पण काचेला टेकून बसलेल्या मांजराची आकृती स्पष्ट उमटते. सकाळचं ऊन बोक्याच्या पाठीमागून आलं की सावली आणखी गडद. हे कुणी सांगत नाही, पाकिटावरही नव्हतं. उपाय सोपा निघाला. दाराबाहेर काचेला लागून तुळस, कोरफड, गवती चहाच्या जड कुंड्या ओळीने मांडल्या. बोक्याला काचेपासून दोन हात लांब बसावं लागलं आणि सावली विरली. फिल्म घेणार असाल तर कुंड्यांचा खर्च त्यातच धरा.

भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा, मांजरांना शांत करणारा गंध सोडणारा फेरोमोन डिफ्युझरही चार महिने वापरला, एक बाटली महिनाभर चालते. हिवाळ्यात खिडक्या बंद असताना चिंगी लवकर मोकळी झाली असं मला वाटलं. पण तो आणि फिल्म मी एकाच आठवड्यात सुरू केले, त्यामुळे श्रेय वाटून देणार नाही. मार्चअखेर कूलर सुरू झाला तेव्हा बंद केला. घरातून सतत वारा वाहत असताना तो वास खोलीत टिकणार कसा?

आणि कूलर हेच खरं मूळ होतं. जानेवारीत चौकीदार काका म्हणाले, "ताई, तो बोका तुमच्याच कूलरमंदी झोपून राह्यते जी. ताडपत्रीखालून शिरते." नागपुरात घरोघरी असतो तसा आमचा कूलरही दिवाळीनंतर ताडपत्री बांधून गॅलरीतच उभा होता. एका बाजूची जाळी निघाली होती, आत खसचं जुनं गवत. थंडीत बोक्याला याहून उबदार जागा कुठे मिळणार! मी इतके दिवस काच झाकत होते आणि त्याचं घर काचेपासून चार फुटांवर होतं. जाळी तारेने घट्ट बांधली, गवत काढून टाकलं, ताडपत्री खालपर्यंत ओढून दोरीने आवळली.

उन्हाळ्यात कूलर पुन्हा भरला तेव्हा दुसरी अडचण. टाकीतून गळणारं पाणी प्यायला आणि खालच्या ओल्या सावलीत पडायला बोका परत येऊ लागला. शिवाय कूलरचा वारा बाहेर जायला काहीतरी उघडं लागतं, नाहीतर घरात नुसता दमटपणा. आम्ही गॅलरीचं दार अर्धं सरकवून ठेवायचो, म्हणजे फिल्म लावलेली काच बाजूला आणि मध्ये फक्त मच्छरदाणीची जाळी. एप्रिलमध्ये एकदा तिथूनच पुन्हा झटापट झाली. आता वारा स्वयंपाकघरातल्या वरच्या झरोक्यातून आणि एक्झॉस्टमधून काढतो, दार बंदच असतं. टाकीची गळती प्लंबरकडून बंद करून घेतली आणि मागच्या कंपाउंडजवळ मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवलं. मे महिन्यात कुठल्याही जिवाला तहानलेलं हाकलणं माझ्याने होणार नव्हतं.

खालच्या काकू आमच्या जिन्याशीच त्याला दूध ठेवत. मी म्हटलं, "काकू, वाटी मागच्या भिंतीकडे ठेवू या का? घरात माझी दोघं भांडतात." त्या म्हणाल्या, "अवं, मग आधी सांगायचं ना! भुकेला जीव आहे, तिकडे खाईल." दुसऱ्या दिवसापासून वाटी मागे.

डोळ्यांचं झालं, नाकाचं राहिलं होतं. बोका दाराच्या कोपऱ्यावर लघवीचा फवारा मारून जायचा आणि बंड्या आतून तो कोपरा हुंगत बसायचा. तिथे फिनाईल टाकू नका, ते मांजरांच्या यकृताला झेपत नाही आणि पंजे चाटताना पोटात जातं. मी एन्झाइमवालं क्लीनर वापरलं, ते लघवीतला वास देणारा भागच मोडतं. पण रोज पुसणं हा उपाय नाही. फेब्रुवारीत काकूंच्याच मदतीने, पिंजऱ्यात तळलेल्या मासोळीचा तुकडा ठेवून बोक्याला पकडलं आणि नसबंदी करून घेतली. ओळख पटावी म्हणून डाव्या कानाचं टोक कापतात, तसं कापलं. नसबंदीनंतरही हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात. होळीच्या सुमारास दाराचा वास गेला. एप्रिलची झटापट नोव्हेंबरच्या मानाने किरकोळ होती, दोघं तासाभरात एकाच खोलीत आली. मला वाटतं त्याचं कारण हेच.

फिल्मची टिकाऊ बाजू: हॉलची खिडकी उत्तरेकडे आहे, तिथली जशीच्या तशी. गॅलरीचं दार पूर्वेकडे, तिथल्या खालच्या कडा मेमध्ये सुटल्या, चिंगीने नखाने आणखी उकलल्या. काढायला सोपी, काचेवर डाग राहिला नाही. गोंदवाली असती तर भाड्याच्या घरात पंचाईत झाली असती.

बेडरूमच्या खिडकीला मी मुद्दाम काही लावलेलं नाही. तिच्याखाली सज्जा नाही, बोका तिथे पोचत नाही, आणि समोरच्या कडुनिंबावर साळुंक्या, बुलबुल बसतात. घरातल्या मांजराला बाहेर बघायला एक तरी जागा हवी. सध्या पावसामुळे दोघं तिथेच असतात, बंड्या कट्ट्याच्या डाव्या टोकाला, चिंगी त्याच्या पाठीला पाठ लावून. गॅलरीच्या दारासाठी नवा रोल आणून ठेवलाय, दिवाळीत कूलर झाकायच्या आधी लावणार.