टायटल्स आणि म्युझिकचं 'पॅकेज' घेणाऱ्यांनो, आधी हे वाचा

फिल्म स्कूलच्या डिप्लोमा फिल्मचं एडिट लॉक झालं, म्हणजे संकलन पक्कं झालं, की खिशात दमडी नसते आणि महोत्सवाची शेवटची तारीख डोक्यावर असते. 'पॅकेज' विकणारी मंडळी नेमकी तेव्हाच गाठतात. आम्हाला एकजण व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटला. सुरुवातीची टायटल्स आणि त्याखालचं 'ओरिजनल' संगीत, मिळून अठरा हजार, निम्मे आगाऊ. शोरील, म्हणजे आधीच्या कामाचे नमुने, झकास होती. (तीही उचललेली, हे मागाहून कळलं.)

पहिल्या कटमध्येच माशी शिंकली. 'दिग्दर्शन'मधली वेलांटी द उलटून गेल्यावर बसलेली, रफार बेपत्ता, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. आफ्टर इफेक्ट्स या टायटल्स करायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचं टेक्स्ट सेटिंग लावलं नाही की देवनागरीचं असंच होतं. मराठी टायटल्स करणाऱ्याला हे पहिल्या दिवशी ठाऊक हवं. साहेब म्हणाले, "रेंडरचा प्रॉब्लेम आहे." खरं तर रेडीमेड टेम्पलेटमध्ये आमची नावं ओतली होती. प्रोजेक्ट फाइल मागितली तर टोलवाटोलवी. उरलेले पैसे दिल्यावर एकदाची आली, तर एका बंद लेयरवर 'युअर नेम हिअर' तसंच!

संगीताचा प्रकार याहून भारी. फिल्म यूट्यूबवर प्रायव्हेट ठेवून चढवली, तर तपासणीच्या टप्प्यालाच कॉपीराइटचा दावा आला. ट्रॅक एका स्टॉक लायब्ररीतला, म्हणजे परवान्यावर मिळणाऱ्या तयार संगीतातला होता. जाब विचारला तेव्हा त्याने परवान्याची पीडीएफ पाठवली. त्यावर परवानाधारक भलताच कुणी आणि प्रोजेक्टच्या रकान्यात 'वेडिंग हायलाइट्स'! दुसऱ्याच्या लग्नाच्या परवान्यावर आमची फिल्म कशी चालणार? महोत्सवाच्या अर्जावर संगीताचे हक्क आमच्याकडे आहेत, असं आम्हालाच सही करून द्यायचं असतं.

वर त्याचा सल्ला: "तीस सेकंदांपर्यंत कुणी विचारत नाही." साफ खोटं. 1957च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही. जुनं गाणं मैत्रिणीकडून नव्याने गाऊन घेतलं तरी फक्त मूळ ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो. चाल आणि शब्दांचे हक्क वेगळे उरतात. कुणी खरंच नवं संगीत करून देत असेल, तर हक्क लेखी घ्या आणि त्यात मुदत व प्रदेश लिहून घ्या. कलम 19 प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. फिल्म परदेशी महोत्सवाला पाठवायची झाली की हे नडतं.

शेवटी आम्ही काळ्या पार्श्वभूमीवर 'मुक्ता' फॉन्टमध्ये साधी पांढरी नावं टाकली. हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे आणि देवनागरीत देखणा दिसतो. खाली वर्गातल्याच एकाचा तबला, त्याच्या सहीच्या पत्रासह.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. असं काही झालं तर लगेच फोन करा, पैसे पुढे फिरले की अडवणं कठीण जातं. हा इसम आता नवा नंबर घेऊन 'फेस्टिव्हल पॅकेज' विकतोय. ओळखायची खूण: बोलतो एका नावाने, यूपीआयवर नाव दिसतं दुसरंच.