गणितासाठी प्रयोगवही : वर्षभर वापरल्यानंतर

साताऱ्यात माझ्या घरी सातवी-आठवीची अकरा मुलं शिकवणीला येतात. गेल्या जूनमध्ये त्या सगळ्यांसाठी मी गणिताला प्रयोगवह्या आणल्या. विज्ञानाच्या जर्नलला लागतात त्याच, एक पान कोरं आणि समोरचं रेघी. दुकानदाराने दोनदा विचारलं, "ताई, गणितालाच ना?" एक वही 45 रुपयांना पडली.

डाव्या कोऱ्या पानावर गणित, आकृती, कच्चं काम. खोडरबर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. उजव्या पानावर त्याच गणिताबद्दल चार-पाच ओळी, घरी बोलतो त्या भाषेत.

पहिले पंधरा दिवस सगळ्यांचं एकच: "मी गणित सोडवले. उत्तर बरोबर आले." मग मी प्रश्न बदलला. ही पायरी आधी का घेतलीस? कुठे अडलास? त्यानंतर वह्या बोलायला लागल्या.

एका मुलाचं 12 − 5 + 3 चं उत्तर कायम 4 यायचं. वर्षभर मी त्यावर लाल फुली मारत आले होते. त्याने उजव्या पानावर लिहिलं, "बे पयला हाय न् व नंतर, म्हणून बेरीज पयली केली." कंचेभागुबेव! कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, या क्रमाची पहिली अक्षरं. मीच पाठ करून घेतलं होतं, आणि पोराने ते अक्षरशः पाळलं होतं. बेरीज-वजाबाकीचा मान सारखा, डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची, हे त्या सहा अक्षरांत कुठेच नाही. भागाकार-गुणाकारात हा घोटाळा लपून राहतो, कारण 6 × 4 ÷ 2 मध्ये भागाकार आधी केला तरी 12च येतात. त्या दोन ओळी वाचल्या नसत्या तर मी अजूनही त्याला 'लक्ष दे' एवढंच सांगत बसले असते.

कोऱ्या पानाचा उपयोग दशांश अपूर्णांकांना फार झाला. "0.5 पेक्षा 0.35 मोठं, कारण 35 हे 5 पेक्षा मोठे आहेत," असं एकीने लिहिलं होतं. तिला समोरच्या पानावर शंभर चौकटी आखायला लावल्या आणि दोन्ही रंगवायला सांगितल्या. पस्तीस चौकटी रंगवल्या, मग पाच दशांशाच्या पन्नास. खाली तिने स्वतःच लिहिलं, "पाच म्हणजे पाच पट्ट्या होत्या." रेघी वहीत ही आकृती कोपऱ्यात कोंबावी लागली असती.

एक मुलगा मात्र लिहायला तयारच नव्हता. तो सांगायचा, मी लिहायचे. पुढे पुढे "मी असं नव्हतो म्हणालो" म्हणत तो माझ्या हातातून पेन घ्यायला लागला.

वेळ लागतो, हे आधीच सांगते. अकरा वह्या वाचायला शनिवारचा दीड तास जातो. उजव्या पानावर मी शुद्धलेखन तपासत नाही, मार्क देत नाही, फक्त पेन्सिलने एखादा प्रश्न लिहिते. दोन पालकांनी विचारलं, गणितात निबंध कशाला? त्यांना मी त्यांच्याच मुलांची पानं वाचायला दिली.

वहीबद्दल तक्रारी आहेत. पिनांच्या वह्यांची मधली पानं ऑगस्टपर्यंत सुटली. दोऱ्याने शिवलेली असेल तरच घ्या, दहा रुपये जास्त गेले तरी चालतील. रेघी कागद पातळ आहे, जेल पेनची शाई पाठीमागे उमटते, त्यामुळे आमच्याकडे साधं बॉलपेन. आणि पाचवीच्या खालच्या मुलांना ही वही देऊ नका. हातच्याची बेरीज मांडताना एकक-दशक सरळ रेषेत यायला त्यांना चौकटीचीच वही हवी.

या जूनसाठी चौदा सांगितल्या आहेत, सगळ्या शिवलेल्या.