थेट बोलणी की मध्यस्थ? पुरंदर आणि सालबाई

वानवडीच्या शिंदे छत्रीपाशी गेलं की मला मराठा सरदार महादजी शिंद्यांच्या लढायांआधी त्यांची मध्यस्थी आठवते.

मराठे आणि इंग्रज यांच्यातला पुरंदरचा तह १ मार्च १७७६ चा. कलकत्त्याहून आलेले इंग्रजांचे कर्नल अप्टन आणि पुण्याचे कारभारी समोरासमोर बसले. कागद चांगला होता, पण तो पाळायला लावणारं कुणी नव्हतं. मुंबईकर इंग्रजांनी पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबांना आसरा देणं चालूच ठेवलं आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावला पुन्हा तोफा धडधडल्या.

ते युद्ध संपवणारा सालबाईचा तह १७ मे १७८२ चा. इथे महादजी नुसते निरोप्ये नव्हते, तहाचे जामीनदार होते. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत मिळाली, राघोबांना नेमणूक ठरली. पुण्यात नाना फडणवीसांनी मान्यता द्यायला पुढचं वर्ष उजाडलं, पण मग सुमारे वीस वर्षं मराठे-इंग्रज युद्ध झालं नाही. मध्यस्थ फुकट मिळत नाही, हेही खरं: भडोच महादजींच्या पदरात पडलं.

भारत-पाकिस्ताननं दोन्ही वाटा चोखाळल्या. १९६६ ला ताश्कंदमध्ये सोव्हिएत मध्यस्थी, १९७२ ला सिमल्यात थेट बोलणी. सिमल्यानंतर भारत द्विपक्षीय चर्चेवरच ठाम आहे. बलाढ्य तिसरा आपलाच डाव खेळेल, ही भीती मला रास्त वाटते. तरीही १९६० चा सिंधू पाणीवाटप करार जागतिक बँकेच्या मध्यस्थीनं झाला आणि १९६५, १९७१ ची युद्धं होऊनही टिकला; २०२५ ला मात्र भारतानं तो स्थगित केला. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नसेल, तेव्हा मी सालबाईच निवडेन.