जुन्या पद्मिनीला नवा कार्ब्युरेटर
आमच्या १०८९ सीसीच्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन सिग्नलला थांबले की बंद पडत असे. कार्ब्युरेटरचे, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचे, जेट (पेट्रोलची बारीक छिद्रे) साफ करून आणि आतली पेट्रोलची पातळी राखणारी फ्लोटची सुई बदलूनही फरक पडला नाही. पुण्यातील एका छोट्या गॅरेजच्या मिस्त्रींनी थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) दांड्याभोवती क्लीनरचा फवारा मारताच आयडलिंग (गाडी उभी असतानाची इंजिनची चाल) बदलले आणि वर्षानुवर्षांच्या वापराने झिजलेल्या भोकातून हवा आत शिरून मिश्रण पातळ होत (पेट्रोल कमी पडत) असल्याचे उघड झाले. अशा झिजेवर रिपेअर किटचा काही उपयोग नसतो. त्यांनी बसवलेल्या नव्या कार्ब्युरेटरचे ओतकाम ओबडधोबड आहे आणि चोकची (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणाऱ्या झडपेची) केबल पुन्हा जुळवावी लागली. मात्र आता सकाळी थंड इंजिनही पहिल्याच सेल्फला सुरू होते. जुना कार्ब्युरेटर त्यांनी न मागता परत दिला, हे विशेष आवडले.