अंतर्वस्त्रांच्या छायाचित्रणासाठी घरचा स्टुडिओ: खिडकी, एलईडी की फ्लॅश?

घरातल्या एका खोलीत मॉडेलसह अंतर्वस्त्रांचे फोटो काढायचे ठरले की पहिला मोठा खर्च प्रकाशाचा असतो, कारण कॅमेरा बहुधा आधीच हाताशी असतो. पर्याय तीन आहेत: खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड, सतत चालू राहणारा एलईडी दिवा आणि स्टुडिओ फ्लॅश. इतर कपड्यांच्या बाबतीत ही निवड खिसा पाहून करता येते. इथे मात्र कापड आणि त्या कापडात कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी व्यक्ती या दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात.

खिडकीचा उजेड फुकट मिळतो, आणि मोठ्या खिडकीवर पातळ पांढरा पडदा सोडला तर त्वचेवर त्याच्याइतका मऊ प्रकाश विकतच्या दिव्यातून मिळवणे कठीण जाते. मॉडेलला खिडकीशी काटकोनात उभे केले की तिरपा पडणारा उजेड काळ्या लेसच्या प्रत्येक धाग्याला उठाव देतो, आणि दुसऱ्या बाजूला एक पांढरा फोमबोर्ड ठेवला की सावल्याही आटोक्यात राहतात. अडचण रंगाची आहे. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका तो निळसर; भर दुपारचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा असतो, ढगाळ हवेत किंवा सावलीत तो ७००० च्या आसपास जाऊन निळसर होतो आणि संध्याकाळी पिवळा पडतो. एकच फिक्या गुलाबी रंगाचा संच सकाळी आणि दुपारी टिपला, तर कॅटलॉगमध्ये ते दोन वेगळे रंग वाटतात. प्रत्येक संचाआधी ग्रे कार्डचा (रंग जुळवायला वापरायच्या करड्या पुठ्ठ्याचा) एक फोटो घेतल्यास हा दोष बराच सुधारता येतो, पण ढगांबरोबर दर पाच मिनिटांनी बदलणारे एक्स्पोजर (फोटोची उजळ-काळोखी पातळी) काही थांबत नाही.

याहून गंभीर अडचण खासगीपणाची आहे. ज्या खिडकीतून भरपूर उजेड येतो, तिच्यातून आतलेही दिसू शकते. पातळ पडदा दिवसा थोडा आडोसा देतो, पण आत दिवा लागला की तोही उरत नाही. समोर इमारत किंवा रस्ता असेल तर मी हा पर्याय थेट बाद करेन, कारण आपल्याला कोणी पाहत तर नाही ना, ही शंका मॉडेलच्या खांद्यांत आणि मानेत दिसते आणि ती कोणत्याही संपादनाने पुसता येत नाही.

एलईडीचा मोठा गुण असा की जे दिसते तेच टिपले जाते. प्रकाशयोजना शिकणाऱ्याला आणि पहिल्यांदाच असे काम करणाऱ्या मॉडेललाही त्यामुळे धीर येतो, आणि त्याच दिव्यावर व्हिडिओही होतो. मात्र सॉफ्टबॉक्समधून (दिव्यापुढे लावायच्या पांढऱ्या कापडी पेटीतून) गाळलेला मध्यम क्षमतेच्या एलईडीचा प्रकाश पूर्ण उंचीच्या फोटोसाठी दूर न्यावा लागतो, आणि दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो. मग अॅपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके ते लहान) एफ/४, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ४०० ते ८०० असे जुळवून घ्यावे लागते. घेताना वॅटपेक्षा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी अंक, पाहावा, तो ९५ च्या वर असावा. निकृष्ट एलईडीत लाल भाग अपुरा असतो, त्यामुळे मरून साटन तपकिरी दिसते आणि त्वचा निस्तेज. स्वस्त दिव्यांत लुकलुकही असते: ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा, आणि वेगवान शटरवर तिचे पट्टे उमटतात.

फ्लॅशचा फायदा लेस आणि जाळीवर सर्वांत स्पष्ट कळतो. बारीक जाळीची वीण सेन्सरच्या पिक्सेलांच्या रचनेशी जुळत आली की फोटोत रंगीत लाटा उमटतात. त्यांना मोआरे म्हणतात. कॅमेऱ्याचे अंतर किंवा कोन थोडा बदलणे हा पहिला उपाय, आणि अॅपर्चर एफ/११ ते एफ/१६ पर्यंत लहान करणे हा दुसरा. दुसऱ्या उपायाला जेवढा प्रकाश लागतो तेवढा २०० ते ४०० वॅट-सेकंदांचा (हे फ्लॅशच्या ताकदीचे माप) फ्लॅश आयएसओ फारसा न वाढवता देतो. शटर १/१६० सेकंदावर ठेवले की खोलीतला इतर उजेड जवळपास नाहीसा होतो, त्यामुळे जाड पडदे पूर्ण बंद करून रात्रीही तोच रंग मिळतो. साटनवर मात्र लहान सॉफ्टबॉक्स चकाकीचे कठोर ठिपके पाडतो. तिथे १२० सेंमीचा ऑक्टाबॉक्स (अष्टकोनी सॉफ्टबॉक्स) शक्य तितका जवळ आणावा. पांढऱ्या कापडातील उजळक रसायने फ्लॅशमधल्या अतिनील किरणांनी निळसर चमकतात, म्हणून अतिनील-रोधक लेप असलेली फ्लॅशची नळी निवडावी.

माझा कल फ्लॅशकडे आहे. विक्रीसाठी कॅटलॉग करणाऱ्याने एक चांगला फ्लॅश आणि एक मोठा सॉफ्टबॉक्स घ्यावा. दोन स्वस्त दिव्यांपेक्षा हे बरे. व्हिडिओ तितकाच महत्त्वाचा असेल तर एलईडी घ्यावा, आणि खिडकी ठेवावी ती जवळून टिपायच्या, भावछटा असलेल्या मोजक्या चित्रांसाठी, तीही बाहेरून नजर पोहोचत नसेल तरच.

दिवा कोणताही घेतला तरी खोलीची लांबी आधी मोजावी. फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा उभा धरून पूर्ण आकृती बसवायला ८५ मिमी लेन्सला सुमारे ५ मीटर अंतर लागते, ५० मिमीला सुमारे ३ मीटर; मॉडेलमागचे दीड मीटर त्याशिवाय वेगळे. मॉडेल सज्ञान असावी, लेखी करारात चित्रे कुठे वापरली जातील हे लिहिलेले असावे, तिला हवी ती सोबतीण खोलीत असावी आणि कपडे बदलायला आतून कडी लागणारी वेगळी जागा असावी. पट्टा किंवा काठ नीट करायचा तर तो तिने स्वतः करावा, छायाचित्रकाराने हात लावू नये. खोली २५ अंश सेल्सियसच्या आसपास उबदार ठेवावी, आणि आधीच्या घट्ट कपड्यांचे वळ जिरेपर्यंत अर्धा-पाऊण तास तिला सैल गाऊनमध्ये बसू द्यावे. दिवे लावणे आणि पहिल्या चाचण्या घेणे तेवढ्या वेळात उरकते.