कंटेनरसाठी डिस्कचं कुलूप आणि लॉकबॉक्स: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून झाल्यावर

केळी पट्ट्यात आजकाल शेताच्या कडेला गोडाऊन बांधायच्या ऐवजी डायरेक्ट कंटेनरच उभे राहायला लागलेत, फैजपूर-सावदा रोडनं गाडीवर एक चक्कर मारा, निळे, लाल, गंजलेले, सगळ्या नमुन्याचे दिसतील. आमचा पण एक आहे, वीस फुटी, न्हावा-शेवाकडून आलेला सेकंड हँड, आत ठिबकच्या नळ्यांची बंडलं, फिल्टर, स्टार्टर, मोटारी आणि तांब्याची केबल. आता केबल म्हटल्यावर पुढचं सांगायला नको, विहिरीवरून रातोरात केबल कशी गायब होते हे ज्याचं शेत आहे त्याला बरोबर माहिती. तर हा रिव्ह्यू त्या कंटेनरच्या दाराला लावलेल्या कुलपाचा. म्हणजे डिस्कचं, आत फिरत्या चकत्या असलेलं कुलूप एक, आणि ते ज्याच्या आत बसतं ती वेल्डिंग करून लावायची लोखंडी पेटी, जिला दुकानदार लॉकबॉक्स म्हणतात, ती दुसरी.

आधीच सांगून टाकतो, पैसे द्यायचेच तर पेटीला द्या. कुलूप चांगलंय, नाही असं नाही, पण त्याच्या डब्यावर जेवढं काही छापलंय त्यातलं निम्मं आपल्याकडच्या चोराला लागूच होत नाही.

कंटेनरचं दार ज्यांनी नीट बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन पल्ले, प्रत्येक पल्ल्याला दोन उभे दांडे, म्हणजे एकूण चार. हँडल फिरवलं की दांडा फिरतो आणि वर-खाली जे दात असतात ते चौकटीच्या खाचेत जाऊन अडकतात. उजवा पल्ला डाव्यावर चढून बसतो म्हणून आधी उजवाच उघडावा लागतो, आणि बाहेरून बंद करायला हँडलला छोटासा कोयंडा. हा कोयंडा मुळात सील लावायला केलेला. जहाजावर जाताना कंटेनरला जे बोल्ट सील लावतात ते एकदाच वापरायचं असतं, त्याला आयएसओ १७७१२ चं स्टँडर्ड आहे, पण त्याचं काम चोर अडवायचं कमी आणि मधे कोणी दार उघडलं की नाही हे कळायचं जास्त. आपल्याकडं लोक सील बघून खुश होतात, अरे पण मोठा कटर घेतला की ते तुटतं, तुटायलाच बनवलंय. आणि कोयंड्याचं भोक एवढं बारीक की जरा जाड कमानीचं कुलूप घ्याल तर घुसतच नाही, मग माणूस बारीक कमानीचं लावतो, म्हणजे जिथं जाड पाहिजे तिथंच बारीक.

आमचा वेल्डर अमळनेरकडचा, अहिराणी बोलणारा. कुलपाचं पॅकेट त्याच्यासमोर फोडलं तर त्यानं कुलूप हातात पण घेतलं नाही, सरळ हँडलपाशी गेला, कोयंडा बोटानं हलवून दाखवला आणि म्हणला, "भाऊ, कुलूप कितलं बी भारी लावा, कोयंडाच पत्राना शे तं काय फायदा?" बरोबरच होतं त्याचं. जुन्या कंटेनरला हँडल ज्या रिबिटावर बसलेलं असतं ते रिबिट काढलं की कुलूप जागच्या जागी राहतं आणि दार उघडतं. म्हणून लॉकबॉक्स.

पेटी काय असते तर जाड प्लेटचे दोन भाग, एक उजव्या पल्ल्याला, एक डाव्याला. दार बंद झालं की डाव्या पल्ल्याची पट्टी उजव्याच्या पेटीत शिरते आणि कुलूप आतल्या आत आडवं बसतं. खालून हात घालून किल्ली लावायची, बाहेरून कुलूप दिसतच नाही. यात सगळी मजा ही आहे की बोल्ट कटरला तोंड उघडायला जागा पाहिजे, पहारीला टेकू पाहिजे, हातोड्याला झटका मारायला जागा पाहिजे, आणि पेटीत तिन्ही नाहीत. छत्तीस इंची कटर घेऊन आलेला माणूस पण पेटीच्या तोंडाशी नुसता चाचपडत बसतो. आणि दोन्ही पल्ले एकमेकांत अडकतात म्हणून हँडलचं रिबिट काढलं तरी दार हलत नाही.

आमच्या पेटीची प्लेट सहा मिलिमीटरची. दुकानात चार मिलिमीटरची पण मिळते, स्वस्त पडते, घेऊ नका. वेल्डिंग करताना एक काळजी घ्यायची जी दुकानदार सांगत नाही: दाराच्या आतल्या बाजूला टेकवून ठेवलेला माल आधी लांब करा. दाराचा पत्रा पातळच असतो, बाहेर टाका मारला की आत लाल होतो, आणि आत ठिबकच्या नळ्या असल्या तर मग विचारूच नका. दाराचं काळं रबर पण जळतं, त्यावर ओलं पोतं धरून एक माणूस उभा करा. नंतर जळलेला रंग घासून प्रायमर मारा, नाहीतर पहिल्याच पावसात तिथून गंज सुरू.

आता कुलपाकडं येतो. आपल्याकडं पिढ्यानपिढ्या लिव्हरचं कुलूप. गोदरेज कंपनीच १८९७ पासूनची, त्यांचं नवताल कुलूप तर घराघरात, आणि अलीगढच्या कुलपांशिवाय तर कुठला बाजार भरतच नाही. लिव्हरच्या कुलपात पितळी पट्ट्या असतात, प्रत्येकीला आपली स्प्रिंग, किल्लीचे दात त्या पट्ट्या ठराविक उंचीला उचलतात, सगळ्या एका लाइनीत आल्या की आतला बोल्ट सरकतो. घरासाठी एक नंबर. पण शेतात, रस्त्याच्या कडेला, जिथं वैशाखात धुळीचे लोट उठतात तिथं त्या बारीक स्प्रिंगांमधे धूळ बसते, त्यावर आपण वरून खोबरेल नाहीतर गाडीचं जुनं ऑइल ओततो, ऑइल आणि धूळ मिळून आत लगदा होतो आणि मग किल्ली वाकेपर्यंत जोर लावावा लागतो. जिनिंगजवळ ज्यांचे कंटेनर आहेत त्यांच्याकडं कापसाचे तंतू पण आत जातात, त्यांचं अजून अवघड.

डिस्कवाल्यात स्प्रिंगच नाही. आत चकत्या एकामागे एक रचलेल्या, प्रत्येकीच्या कडेला एक खाच. किल्ली अर्धगोल, तिच्यावर वेगवेगळ्या कोनात दिलेले काप, किल्ली फिरवली की प्रत्येक चकती आपापल्या मापानं फिरते, सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की बाजूची एक सळई त्यात पडते आणि मग पूर्ण गाभा फिरतो. धूळ गेली तरी चकती अडत नाही, कारण तिला मागे ढकलणारं काही नाही, ती फक्त फिरते. गंमत बघा, हे डोकं फिनलंडच्या एमिल हेनरिक्सनचं, १९०७ चं, म्हणजे जिथं सहा महिने बर्फ तिथलं कुलूप आणि ते भुसावळच्या पंचेचाळीस डिग्रीत पण तेवढंच मोकळं फिरतंय. मे महिन्यात दुपारी किल्ली फडक्यात धरावी लागायची एवढी पेटी तापायची, पण फिरायला एकदाही अडली नाही.

अजून एक आवडलेली गोष्ट, कुलूप लावल्याशिवाय किल्ली बाहेरच येत नाही. म्हणजे माणूस माल काढून "नंतर लावतो" म्हणून किल्ली खिशात टाकून निघून जाऊ शकत नाही. आमच्याकडच्या पोरांना पहिला आठवडा याचा राग आला होता.

कमान तेरा मिलिमीटरची, बोरॉन स्टीलची, आणि दोन्ही बाजूंनी बेअरिंगसारख्या गोळ्यांनी आवळली जाते, स्प्रिंगच्या टाचणीवर नाही. हे बघून घ्या. स्वस्त कुलपात कमान एकाच बाजूला स्प्रिंगवाल्या खिट्टीत अडकते, नुसतं दाबलं की कट्ट लागतं ना, तेच ते, त्यात पातळ पत्र्याची पट्टी सरकवून खिट्टी मागे ढकलता येते. गोळ्यावाल्यात ते चालत नाही. दुकानात ओळखायची सोपी रीत: कमान ओढून बाहेर काढा आणि बघा, दोन्ही पायांना अर्धगोल खाच असली तर गोळ्यावालं.

पॅकेटवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की हे कुलूप "पिक" होत नाही, म्हणजे किल्लीशिवाय तारांनी उघडत नाही, आणि बंप होत नाही, म्हणजे खास किल्ली घालून ठोकून उघडत नाही. बंप किल्ली स्प्रिंगच्या पिनांवर चालते, इथं पिनाच नाहीत तर ते खरंच आहे. पण पिकिंगचं काय सांगता राव. लंडनला १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वर्षी हॉब्स नावाच्या अमेरिकनानं तिथलं प्रसिद्ध ब्रामा कुलूप उघडून दाखवलं होतं, तेवढ्याला ५१ तास लागले, तेही दिवसांवर वाटून. आपल्याकडचा चोर तारा घेऊन येत नाही, तो पहार, कटर आणि आता बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन येतो. म्हणून त्या ओळीसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. ग्राइंडरपुढं कुठलंच कुलूप अमर नाही, हे पण तेवढंच खरं. पेटीमुळे फक्त त्याला आधी सहा मिलिमीटरची प्लेट कापावी लागते, ठिणग्या उडतात, आवाज होतो, वेळ जातो, आणि रस्त्यावरून रात्री केळीच्या गाड्या चालू असतात. आणि जिद्दीचा चोर असला तर तो दार सोडून बाजूचा पत्राच कापेल, दोन मिलिमीटरच्या आतबाहेरच असतो तो. त्याच्यावर कुलूपवाल्याकडं उत्तर नाही.

डिस्कच्या किल्लीचा खरा फायदा दुसराच आहे आणि तो पॅकेटवर लिहिलेला नाही. लिव्हरची किल्ली बाजारातल्या चावीवाल्याला दिली की चहा पिऊन होईपर्यंत डुप्लिकेट तयार. कामावर माणसं बदलत राहतात, किल्ली दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या हातात असते, कोणी कधी एक बनवून घेतली तर कळणार पण नाही. ही अर्धगोल किल्ली मी मुद्दाम जळगावला फुले मार्केटकडं दोन-तीन चावीवाल्यांना दाखवली, सगळ्यांनी उलटीपालटी करून परत दिली, "हे नाही होत भाऊ". मला विचाराल तर अर्धे पैसे याच्यातच वसूल.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, पेटीची. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, हे काही नवीन नाही. कंटेनर चार कोपऱ्यांवर उभा असतो, एक कोपरा बोटभर जरी बसला तरी पूर्ण सांगाडा पिळतो आणि दोन पल्ले एकमेकांच्या वर-खाली होतात. पेटीचे दोन भाग अगदी नेमके जुळवलेले, त्यामुळे ऑगस्टमधे असं झालं की पट्टीचं भोक आणि पेटीचं भोक जुळेना, कुलूप आत अडकलं, किल्ली फिरते पण कमान निघत नाही. शेवटी ट्रॉलीचा जॅक लावून कोपरा उचलला तेव्हा खट्कन सुटलं. नंतर चारी कोपऱ्यांखाली मुरूम ठोकून काँक्रीटचे ठोकळे टाकले आणि वेल्डरकडून पट्टीचं भोक उभं लांबट करून घेतलं. हे भोक कंपनीनंच लांबट द्यायला काय जातं कळत नाही. तुम्ही घेणार असाल तर कंटेनर आधी लेव्हलमधे घ्या, दोन्ही पल्ले एका बोटानं उघडले पाहिजेत, मगच वेल्डरला बोलवा.

दुसरी, पेटीचं तोंड खाली असल्यामुळे किल्लीचं भोक दिसत नाही, अंदाजानं लावावी लागते, रात्री मोबाइलची बॅटरी दातात धरून वाकावं लागतं. तिथं गांधीलमाशा पण घर करतात, पावसाळ्यात हात घालायच्या आधी काडीनं ठोकून बघा. तिसरी, कुलूप जड आहे, हातातून सुटलं तर पायाचं बोट गेलंच.

तेल घालू नका, सुकी ग्राफाइट पावडर नाहीतर कोरडा स्प्रे, तोही वर्षातून दोनदा बास.

ज्यांचा कंटेनर भाड्याचा आहे त्यांना वेल्डिंग करता येत नाही, त्यांच्यासाठी दोन पल्ल्यांच्या मधल्या दोन दांड्यांना बाहेरून कवटाळणारा आडवा लॉक मिळतो, नटबोल्ट न लावता बसतो, काढून दुसऱ्या कंटेनरला लावता येतो. मी ओळखीच्या एका पॅकहाऊसवर बघितलाय. ठीक आहे, पण कुलूप त्यात बऱ्यापैकी उघडं राहतं आणि जुन्या कंटेनरचे दांडे वाकलेले असले तर खडखड वाजत राहतो. पेटीची सर नाही.

पेटी, कुलूप आणि वेल्डरची मजुरी धरून साधारण पाच-साडेपाच हजारात काम झालं, एका मोटरच्या किमतीपुढं काहीच नाही. कुलूप घेताना युरोपच्या ईएन १२३२० या कुलपांच्या स्टँडर्डचा ग्रेड छापलाय का बघा, एक ते सहा असतात, सहा सगळ्यात भारी, आपल्या कामाला चार पुष्कळ. ग्रेडच नसेल आणि नुसतं "हेवी ड्यूटी" लिहिलं असेल तर सोडून द्या. दोन किल्ल्यांसोबत नंबरचं एक कार्ड येतं, किल्ली हरवली तर त्याच्यावरूनच नवीन मागवता येते, ते दुकानातच तपासून घ्या आणि घरी कपाटात ठेवा. आमच्या शेजारच्या कंटेनरवाल्यानं ते कार्ड कंटेनरमधेच खिळ्याला अडकवून ठेवलंय.