यवतमाळातला 3 महिन्यांचा फोटोग्राफी क्लास: 18 हजार दिले, काय मिळालं

क्लास संपून वर्ष झालं, मधात एक अख्खी लग्नसराई गेली म्हणून आता लिहून राहिली, तेव्हाच लिहिलं असतं तर डोळे झाकून 5 स्टार दिले असते. क्लासचं नाव टाकत नाही, सरांचे उपकारही आहेत अन् थोडा रागही आहे.

मी दारव्ह्याकडच्या एका खेड्यातली. बायांना एसटीत हाफ तिकीट आहे म्हणून रोजचं येणंजाणं परवडलं. बाबा म्हणे, "अवं 18 हजारात दोन शिलाई मशीन येतात." त्यांचं काही चूक नव्हतं.

शिकवणं एक नंबर. आयएसओ, शटर, अॅपर्चर असली कॅमेऱ्याची सेटिंग यूट्यूबवरही भेटते, पण सरांनी लाईट शिकवला. एक गोष्ट तर मला फी वसूल वाटते. मांडवातल्या एलईडीखाली फोटोत काळे पट्टे येतात ना, पोट्ट्यांना वाटते कॅमेरा खराब झाला. आपली वीज 50 हर्ट्झची, तो लाईट सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होते, डोळ्याला दिसत नाही पण शटर जोरात असलं, म्हणजे अगदी क्षणभरच उघडलं, की फोटोत पकडल्या जाते, मग शटर 1/100 नाहीतर 1/50 सेकंदावर आणायचं. पहिल्याच लग्नात स्टेजवर हार घालताना पट्टे आले, शटर 1/320 वर होतं, खाली आणलं अन् गेले. पुढच्या लग्नात लाईन गेली, जनरेटर लावला तर तेच पट्टे परत, काऊन की जनरेटरची वीज बरोब्बर 50 वर राहत नाही. हे मात्र वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

आता रागाचं. अॅडमिशनच्या वेळी "काम मिळवून देऊ" म्हणाले होते. काम म्हणजे काय तर सरांच्याच लग्नाच्या ऑर्डरवर जायचं, सकाळी हळदीपासून रात्री विदाईपर्यंत उभं राहायचं, अन् पैसे विचारले की "प्रॅक्टिकल आहे ना बेटा". मी अशी 6 लग्नं फुकट केली. बाहेर दुसऱ्याच्या हाताखाली गेली तर मला दिवसाचे 1,500 भेटले, कॅन्डिड, म्हणजे पोझ न देता नकळत काढलेले फोटो, जमायला लागल्यावर 2,500. म्हणजे त्या 6 लग्नांचा हिशोब तुम्हीच लावा.

ड्रोनचे 6 हजार वेगळे घेतात, ते देऊ नका. उडवायला शिकवतात, पण नियमाचं अक्षर काढत नाहीत. 2021 च्या ड्रोन नियमात 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण त्याच्यावरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा असला तर डीजीसीएची, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक खात्याची, मान्यता असलेल्या संस्थेतून ट्रेनिंग घेऊन सर्टिफिकेट काढावं लागते. क्लासचं रंगीत प्रमाणपत्र तिथं चालत नाही.

कमाईचं खरं सांगते. आता माझी स्वतःची ऑर्डर 25 ते 30 हजारात जाते, त्यात 12 बाय 36 इंची अल्बम, सोबत व्हिडिओवाला पोट्टा, पेट्रोल, सगळं जाऊन 9-10 हजार उरतात. तेही हातात कधी पडतील सांगता येत नाही. अॅडव्हान्स 5 हजार अन् बाकीचे "कापूस विकला की देतो बाई". भाव पडले की कापूस घरात अन् माझा अल्बम माझ्या घरात. म्हणून पैसे पूर्ण आल्याशिवाय अल्बम छापायलाच टाकायचा नाही, हे मी 2 अल्बम अडकल्यावर शिकली. आषाढ लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत तसंही सामसूम.

या रिकाम्या महिन्यांत मला कोणी तारलं? शेवटच्या आठवड्यात सरांनी घाईघाईत अर्धा दिवस फोटोशॉप उरकलं होतं, त्यानं. आमच्याकडं माणूस गेला की तेरवीच्या आधी फ्रेम लागते, अन् म्हाताऱ्या माणसाचा एकटीचा फोटो घरात नसतेच. आधार कार्ड घेऊन येतात, नाहीतर कोणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो, त्यात आजी मागच्या रांगेत, अर्धं तोंड दुसऱ्याच्या फेट्याआड. एक काका आले, म्हणे मायच्या डोक्यावर पदर पाहिजे, तिनं कधी उघडं डोकं ठेवलं नाही. आधारच्या फोटोत पदर खांद्यावर होता. रात्री 2 वाजेपर्यंत बसून पदर चढवला. 600 रुपये घेतले, काका जास्त देत होते. महिन्याला असे 8-10 येतात अन् वरून पासपोर्ट फोटो. क्लासवाल्यांनी ड्रोन काढून हे पंधरा दिवस शिकवावं.

पोरींसाठी वेगळं लिहिते. "पोरगी काय फोटो काढणार" हे ऐकावं लागतेच, पण नवरीच्या खोलीत, हळदीत बायांमध्ये पोट्ट्यांना जमत नाही तिथं आपण आरामात घुसतो, अन् पुढची ऑर्डर त्याच बाया देतात. माझ्या निम्म्या ऑर्डरी अशाच आल्या.

कॅमेरा क्लास सुरू व्हायच्या आधी घेऊ नका, तिथले हाताळून पहा. मी नंतर सेकंडहॅन्ड कॅनन 6डी मार्क 2 अन् 50 एमएम 1.8 लेन्स घेतली. या कॅमेऱ्यात मेमरी कार्ड एकच बसते म्हणून हळद झाली की कार्ड बदलते, भरलेलं कार्ड आईच्या जुन्या कुंकवाच्या डबीत.

5 पैकी साडेतीन. बॅच सकाळचीच घ्या, संध्याकाळची साडेसहाला सुटते अन् मग स्टँडवर गाडीची वाट पाहत बसा.